स्रोत क्रमांक एकोणतीस

यादीत एकूण सदतीस स्रोत होते. एकवीस कायम तेवणारे, नऊ अधूनमधून मंद होणारे, सहा एकदाच दिसून पुन्हा कधीच न दिसलेले. उरला एक. त्याचा नंबर एकोणतीस.

मी मिस्बाह बागवान. कोल्हापूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि गेल्या ऑगस्टपासून कराडच्या एका कॉलेजात डॉ. मिलिंद बनसोडे यांच्या प्रकल्पावर सहायक म्हणून आहे. प्रकल्प देवयानी दीर्घिकेतल्या कृष्णविवरांचा. देवयानी ही आपल्या आकाशगंगेची सगळ्यात जवळची मोठी शेजारीण. जवळची म्हणजे तिथला प्रकाश इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. कृष्णविवर दिसत नाही. पण त्याच्या जोडीनं एखादा साधा तारा फिरत असेल तर ते त्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं, आणि ओढला जाणारा वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. "आपल्याला दिसतं ते ताट," सर म्हणायचे. "जेवणारा दिसत नाही. त्याचं वजन त्याच्या ओढीवरून काढायचं."

लोकांना वाटतं मी रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून बसते. दुर्बीण एका उपग्रहावर आहे. तिची निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली असतात, ती मी लॅपटॉपवर उतरवून घेते. फाइलमध्ये चित्र नसतं. कुठला फोटॉन कुठल्या क्षणी आला, त्या वेळांची लांबलचक यादी असते. भरदुपारी, चहा पिता पिता मी वेळा मोजते.

एकोणतीस नंबर गेल्या सप्टेंबरात भडकला. एरवी मिनिटाला एखादा फोटॉन देणारा ठिपका सेकंदाला तीन देऊ लागला. अशा जोड्या भडकतात, त्यात नवल नाही. नवल हे होतं, की वीस नोव्हेंबरच्या निरीक्षणात सलग अकरा सेकंद एकही फोटॉन नव्हता. तेहतीस यायला हवे होते. शून्य आले. बाराव्या सेकंदापासून पुन्हा सगळं सुरळीत.

"ग्रहण असेल का सर? सोबतीचा तारा आड आला असेल."

"अकरा सेकंदांचं ग्रहण?" सर हसले. "तो तारा आहे का चिंचोका? यंत्राचा दोष असणार. बाकीच्यांत बघ, त्याच वेळी खंड असेल."

बाकीच्या छत्तीसांत खंड नव्हता.

फेब्रुवारी संपेपर्यंत असे पाच खंड सापडले. अकरा सेकंद, एकोणीस, चोवीस, अडतीस, सहासष्ट. दोन खंडांमधलं अंतर नेहमी सहा दिवस चार तास वीस मिनिटांच्या पटीत यायचं, म्हणजे घड्याळासारखं नियमित. पण खंड लांबत चालला होता, आणि ग्रहणं अशी लांबत नाहीत. सरांनी फळ्यावर प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पुसलं नाही.

*

आमची बेदाण्याची शेड तासगावच्या बाहेर, सावळजच्या रस्त्याला आहे. बागायतदार द्राक्षं आणून देतात, आम्ही ती वाळवून देतो. पोटॅशच्या आणि तेलाच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे, पंधरा दिवस वारं खेळू द्यायचं, मग गंधकाची धुरी. जाळ्यांचे अकरा मजले आहेत. सगळ्यात वरच्या जाळीवर पोचायला लोखंडी शिडी लागते. माझे वडील पीरमहंमद बागवान साठीला आले तरी त्या शिडीवरून पोरासारखे चढतात. निदान ऑक्टोबरपर्यंत चढत होते.

ऑक्टोबरात अब्बा थांबायला लागले.

थांबणं हाच शब्द घरात रुळला, कारण दुसरा सुचला नाही. ते पडत नसत, थरथरत नसत, डोळे फिरवत नसत. हातात चहाची बशी असायची, ती तोंडापाशी तशीच राहायची. बोलत असले तर वाक्य अर्ध्यात राहायचं. काही सेकंदांनी बाकीचं वाक्य यायचं. मध्ये काही झालं हे त्यांच्या गावीही नसायचं.

"मालक देवासंगं फोनवर बोलत्यात," चंद्राबाई म्हणायची. ती शेडवरच्या बायकांची मुकादम, माझ्या जन्माआधीपासूनची. "रेंज गेली की परत येत्यात."

"तुझ्यासारखी बडबडी बाई समोर असली की माणूस थांबंलच की," अब्बा म्हणायचे.

सांगलीच्या डॉक्टरांनी मेंदूचे सगळे फोटो काढले. सगळे चांगले निघाले. त्यांनी अम्मीला सांगितलं, प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि किती सेकंद ते लिहून ठेवा. अम्मी त्या प्रसंगी घड्याळाकडं बघूच शकायची नाही. तिचे डोळे अब्बांच्या तोंडावरून हलायचे नाहीत. म्हणून ती तसबीह ओढायची. एक दाणा, एक सुभानअल्लाह. अब्बा परत आले की मोबाइलवर वेळ बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत वेळ आणि दाण्यांचा आकडा लिहायची. शेडच्या हिशेबाच्या वह्यांपेक्षा नीट.

आणि एक गोष्ट तिनं लिहिली नव्हती, मला सांगितली होती. "थमते ना, तब सांस नहीं रहती, बेटा. मैं हाथ धर के देखी."

*

दोन मार्चला अम्मी म्हणाली, डॉक्टरांना दाखवायला ही यादी जरा कंप्युटरवर नीट करून दे. रमजान होता, घर दुपारचं शांत होतं. मी कॅलेंडर समोर धरून तारखा उतरवू लागले. बारा नोंदी होत्या. वीस नोव्हेंबर लिहिताना बोट थबकलं. एकवीस डिसेंबर. दोन जानेवारी. सत्तावीस जानेवारी. सत्तावीस फेब्रुवारी.

माझे पाचही खंड त्या बारांत होते. उरलेल्या सात वेळी आमच्या उपग्रहाचं तोंड दुसरीकडं होतं, एवढंच.

मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. माणसाला जुळणी सापडते कारण माणूस ती शोधत असतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी वेळा पाहिल्या, आणि वेळा जुळत नव्हत्या. माझ्या यादीतला नोव्हेंबरचा खंड अम्मीच्या वेळेपेक्षा सहा मिनिटं पुढं होता. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून तोंड धुऊन आले.

परत येऊन पाचही फरक मिनिटांत लिहिले. सहा. साडेतीन. दोन. उणे एक. उणे साडेचार.

हा उतार मी ओळखत होते. आमच्या कामातली ही पहिली शिकवण. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळं ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी काही मिनिटं आधी पोचतो, कधी नंतर. म्हणून सगळ्या वेळा सूर्यापाशी पोचल्या असत्या तर किती असत्या, अशा बदलून घ्यायच्या. विसरलं की सगळं गणित चुकतं. पहिल्या वर्षी प्रत्येक जण एकदा विसरतो. माझी यादी सूर्यापाशीची होती. अम्मीचं कॅलेंडर तासगावचं होतं.

मी बदल काढून टाकला.

शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

अम्मीला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि शंभर दाणे ओढायला सांगितले. चौऱ्याऐंशी सेकंद लागले. त्या हिशेबानं तिचे तेरा दाणे म्हणजे अकरा सेकंद. तेवीस म्हणजे एकोणीस. एकोणऐंशी म्हणजे सहासष्ट.

"क्या निकला?" अम्मीनं विचारलं.

"कुछ नहीं. आप बराबर गिनते."

तो प्रकाश निघाला तेव्हा इथं द्राक्षं नव्हती, गाव नव्हतं, आपल्यासारखा माणूसही नव्हता. तेव्हापासून तो तसाच, त्या जागी तेवढा तुटलेला, चालत होता.

*

दुसऱ्या दिवशी कराडला जाऊन मी सरांपुढं दोन्ही याद्या ठेवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिल्या. मग दार लावून घेतलं.

"तू कॅलेंडर आधी पाहिलं होतंस का?"

"घरात भिंतीवरच असतं सर. पण लक्ष दिलं नव्हतं."

"मग हे काही सिद्ध करत नाही. पुढचं सांग. आत्ता लिही, सही कर, मला दे."

मी लिहिलं: पाच मार्च, दुपारी चार बत्तीस, त्र्याहत्तर सेकंद. सरांनी कागद पाकिटात घालून खणात टाकला आणि कुलूप लावलं. मी निघताना म्हणाले, "आणि मिस्बाह, खरं निघालं तर त्या माणसाला शिडीवर चढू देऊ नकोस."

जागा बदलून पाहावी असं मला वाटलं. शेडमधल्या गंधकाचा, तेलाचा, कशाचाही दोष असेल तर साताऱ्यात तो लागणार नाही. तिथं तरन्नुमफुप्पी, अब्बांची धाकटी बहीण, राहते. तिच्याकडं रोजा सोडायला जाऊ म्हटल्यावर अब्बा लगेच तयार झाले.

साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही चार वाजता उतरलो. मी पायाचं निमित्त काढून त्यांना बाकावर बसवलं. चार बत्तीस होऊन गेल्यावरच हलायचं ठरवलं होतं. चार एकतीसला गोडोलीची बस लागली आणि मी मोबाइलकडं बघत असताना अब्बा उठले.

"चल बेटा, अजानच्या आत पोचायला पायजे."

एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, उजवा हात दांडीला. तिथं ते थांबले.

मी स्टॉपवॉच सुरू केलं. पहिले दहा सेकंद कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आवं चाचा, चढताय का उतरताय?" कंडक्टर आतून ओरडला. "येक काय ते करा की!"

"उपास हाय वाटतं त्यांचा. चक्कर आली आसंल," मागची बाई म्हणाली.

"ओ, दार मोकळं करा, माझी पुढची गाडी चुकंल."

"हात लावू नका," मी म्हणाले. "आत्ता येतील."

"येतील म्हंजे? हितंच तर हायत!"

लोक हसले. एक्कावन्न सेकंद. मागून दोन दणकट गडी पुढं आले, त्यांनी अब्बांना दोन्ही काखेत धरलं आणि बाजूला घ्यायला जोर लावला. दोघंही तोल जाऊन मागं कोलमडले. अब्बा त्यांच्या हातांत वर उचलले गेले होते, गुडघा तसाच वाकलेला, बोटं दांडीच्या आकारात वळलेली. एकजण पटकन हात सोडून मागं सरला.

"आयला," तो सोबत्याला हळू म्हणाला. "काय हाय का न्हाई रं ह्यात?"

दुसऱ्यानं अब्बांना अलगद जमिनीवर ठेवलं. रिकामं खोकं ठेवावं तसं.

त्र्याहत्तर. "काय धक्काबुक्की करताय रे पोरांनो," अब्बा म्हणाले आणि पाय खाली टेकले.

चार पस्तीसला सरांचा फोन आला.

"थांबले?"

"हो."

"किती?"

"त्र्याहत्तर."

 मला त्यांच्या मागं कराडच्या रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

*

त्या गड्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. त्यांनी साठ किलोंच्या माणसासाठी जोर लावला होता, आणि साठ किलो तिथं नव्हते. दिसतं ते मोजू नकोस, ओढ मोज, हे सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी पाच महिने आवाक्याबाहेरच्या दोन गोलांची ओढ मोजत होते आणि घरातल्या माणसाला फक्त बघत होते.

अकरा मार्चची वेळ रात्री आठ बावन्नची होती. मी अब्बांना मशिदीत जाऊ दिलं नाही. ते घरीच नमाज पढले आणि ब्याऐंशी सेकंद कपाळ जमिनीला टेकून सजद्यात राहिले. पुढची दोन रात्रीची, झोपेत गेली. त्यानंतरची तीस मार्च, सकाळी नऊ बावन्न.

शेडवर पेट्या मोजायचा काटा आहे, जमिनीलगतचा, इलेक्ट्रॉनिक, तीनशे किलोंचा, पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर स्टूल ठेवून मी आकडा शून्यावर आणला.

"बसा अब्बा."

"आता काय मला पेटीत भरून इकणार?"

"इकून काय मिळणार," चंद्राबाई जाळीखालून म्हणाली. "दुसऱ्या प्रतीचा माल."

अब्बा हसत बसले. ६१.३५. त्यांनी चंद्राबाईला काम सांगायला सुरुवात केली. "सातव्या मजल्यावरचा माल वाळलाय, तो आजच..."

शेडमध्ये वारं होतं. सगळ्या जाळ्या हलत होत्या. अब्बांच्या सदऱ्याची बाही हलत नव्हती.

आकडे उतरले नाहीत, थरथरले नाहीत. ६१.३५ होतं आणि त्यानंतर ०.०० होतं.

चंद्राबाई जवळ आली. या वेळी तिनं विनोद केला नाही. तिनं आपला हात पदराला पुसून अब्बांच्या नाकाखाली धरला.

"पोरी," ती म्हणाली, "वारा न्हाई आत."

एक मिनिट पंचावन्न सेकंद. मी अंदाज लिहून ठेवला होता तेवढेच.

"...खाली घ्या," अब्बा म्हणाले. ६१.३५.

मी काट्यावर पेट्या ठेवून पाहिल्या, एक, पाच, अकरा. काटा बरोबर होता. चंद्राबाई बाहेर उन्हात जाऊन बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "मालकास्नी कोण नेतंय गं?"

"माहीत नाही."

"आन् आणून कशापायी सोडतंय?"

*

हिशेब सरळ होता. खंड दर वेळी साधारण बारा टक्क्यांनी वाढत होता. श्वासाशिवाय माणूस चार मिनिटं काढतो, त्यापुढं मेंदू जायला लागतो. या वेगानं चार मिनिटं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली असती. म्हणजे आमच्या हातात जेमतेम दीड महिना होता. त्या आत काय करायचं, ते मला, सरांना किंवा सांगलीच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना आम्ही फक्त अर्धं सांगितलं होतं.

पाच एप्रिल, दुपारी दोन बारा. एकशे अठ्ठावीस सेकंद.

सर कराडहून मोटारसायकलवर आले. प्रयोगशाळेतलं दहा किलोंचं प्रमाणित वजन त्यांनी फडक्यात गुंडाळून आणलं होतं, आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र. दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर म्हणून दारात एक जीप उभी होती, ड्रायव्हर आत बसून. अम्मी पहिल्यांदाच शेडवर आली होती. तिला काय सांगायचं हे मी ठरवून आले होते, पण तिनं विचारलं नाही. ती काट्याशेजारी सतरंजीवर बसली आणि तसबीह हातात घेतली.

"आवं सर," अब्बा म्हणाले, "पोरगी माझी ताऱ्यात हजेरी लावतीया म्हणं. मास्तर तुमीच ना तिचं?"

"मीच."

"मग सुट्टी मांडा की माझी."

सर हसले नाहीत. त्यांनी यंत्र अब्बांच्या बोटाला लावलं. अब्बा स्टुलावर बसले. ६०.९०. रमजाननंतर माणूस थोडा उतरतो.

पत्रा तापला होता. द्राक्षांचा आंबूस गोड वास सगळीकडं भरला होता. शेडच्या पलीकडं कुणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं.

"ईदला नईम यायचा राहिला पुण्याहून," अब्बा माझ्या भावाविषयी अम्मीला म्हणाले. "त्याला सांग, येताना..."

मी स्टॉपवॉच दाबलं.

०.००.

बोटावरच्या यंत्रावर दोन रेघा आल्या. सरांनी ते काढून स्वतःच्या बोटाला लावलं, आकडे आले, पुन्हा अब्बांच्या बोटाला लावलं. दोन रेघा.

तीस. साठ. अम्मीच्या दाण्यांचा आवाज एका चालीत होता.

शंभर.

एकशे वीस. मी मोठ्यानं मोजायला लागले. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

अब्बा आले नाहीत.

एकशे तीस. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

एकशे चाळीस. "चुकलीस कुठं?" ते म्हणाले.

मी कुठंच चुकले नव्हते.

एकशे साठ. सरांनी अब्बांच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाब दिला. शरीर नुसतं मागं सरकलं, स्टुलावरून कागदासारखं. त्यांनी हात मागं घेतले आणि तळव्यांकडं बघत राहिले.

एकशे सत्तर.

अम्मीचा दुसरा शेकडा संपला. तिनं तसबीह फिरवून पुन्हा पहिला दाणा धरला. चाल बदलली नाही.

दोनशे चाळीस. चार मिनिटं.

चंद्राबाई जाळीचा खांब धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते.

दोनशे पन्नास.

दोनशे चोपन्न.

"...नवी चप्पल आणायला," अब्बा म्हणाले. "माझ्या मापाची."

दोनशे छप्पन्न. मी घड्याळ बंद केलं.

मग सगळं एकदमच झालं. अम्मीनं त्यांचा हात धरून त्यांना काट्यावरून ओढून आपल्याजवळ घेतलं आणि इतके महिने जी रडली नव्हती ती रडली. अब्बा गोंधळून तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. चंद्राबाईनं पाणी आणलं. त्यांनी ते घटाघट प्यायलं. सरांनी त्यांना नाव विचारलं, वार विचारला, सतरातून नऊ वजा करायला सांगितलं.

"आठ. सर, मी चाळीस वर्सं यापार केलाय."

आवाज तोच. डोळे तेच. बोलताना डावी भुवई वर जायची तशीच गेली. श्वास चालू होता. मी स्वतः हात धरून पाहिला, तो ऊनच होता. सर एका रिकाम्या पेटीवर बसले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला हसू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"शेवटचा आकडा बघितलास?" सरांनी विचारलं.

"कसला?"

"ते आल्यावर काटा किती दाखवत होता?"

मी पाहिला नव्हता. मी अब्बांच्या तोंडाकडं बघत होते. सरांनीही पाहिला नव्हता.

"मग आधी काटा तपास. अशा वेळी यंत्र अडकतं."

मी स्टूल बाजूला केलं आणि शून्य लावलं. सरांचं प्रमाणित वजन ठेवलं. १०.००. ते उचललं. ०.००. बांधून ठेवलेली एक बेदाण्याची पेटी ठेवली. खोक्यासकट १५.४०. पुन्हा उचलून पुन्हा ठेवली. १५.४०.

"काटा बरोबर आहे," मी म्हणाले.

"आता बास झालं तुमचं," अब्बा उठले. अम्मीनं हात धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवला. "पेशंट करून ठिवलंय मला. अशा पेट्या दिवसाला दोन दोनशे चढवल्यात मी."

त्यांनी वाकून काट्यावरची पेटी उचलली, छातीशी धरली आणि माझ्याकडं बघून हसत काट्यावर उभे राहिले.

"हं. लिही तुझ्या कंप्युटरात."

मी आकडे स्थिर होईपर्यंत थांबले. सरांनी वाकून वाचले, मीही वाचले, आणि वहीत लिहिले.

पाच एप्रिल, दुपारी दोन वाजून एकतीस मिनिटं. अब्बा, पेटीसह: १५.४०.